पोट्टे नेमके कुठं हसतात? लहान मुलांसाठी विनोदी गोष्टी लिहिण्याबद्दल

धुऱ्यावरची

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी मिळून ३१ मुलं. शनिवारी दप्तर आणायचं नसतं, म्हणून त्या दिवशीचा शेवटचा तास मी गोष्टीला ठेवते. पेटीतली पुस्तकं मुलांची तोंडपाठ झाली, तेव्हा मी स्वतःच लिहायला लागले. बोधाची गोष्ट मला चटकन सुचते. विनोदी लिहायला बसलं की हात अडतो, आणि मुलं तर दर शनिवारी एकच मागतात, "मॅडम, हासाची सांगा."

मागच्या शनिवारी एक वाचली. गणू नावाचा विसराळू मुलगा. दप्तर गोठ्यात विसरतो, डबा मारुतीच्या पारावर विसरतो, आणि शेवटी चप्पल फ्रीजमध्ये ठेवतो. लिहिताना मला स्वतःला हसू येत होतं. वर्गात मात्र एक पोर हललं नाही. मी फ्रीजचं वाक्य पुन्हा एकदा, जरा जोरात वाचलं. तरी शांत.

मग तिसरीतला एक मुलगा फार गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, विसरला नसन तो. चप्पल थंडी कराले ठेवली असन. दुपारी पाय भाजते ना."

आणि वर्ग फुटला. "मंग मोजे बी ठेवा लागन!" "आमच्या घरी फ्रीज नाही, आमी रांजनाखाली ठेवू." "आबाजीची ठेवली त आबाजी म्हनन, काऊन बे, माह्या चपलेले ताप आला का?" पाच मिनिटं मला पुढचं वाचता आलं नाही.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. माझा गणू नुसता वेंधळा होता. वेंधळा म्हटलं की तिथं संपलं, मुलांना त्याच्याबद्दल आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. त्या पोरानं गणूला कारण दिलं. कारण मिळाल्याबरोबर गणू हुशार झाला, आणि त्याची हुशारी भलत्याच रस्त्यानं निघाली म्हणून सगळ्यांना हसू आलं. शिवाय कारण त्यांच्या पायाचं होतं. मार्च लागला की आमची शाळा सकाळची होते, तरी सुटल्यावर घरी जाईस्तोवर डांबरी रस्ता तापलेला असतो. निम्म्या मुलांच्या चपलेचा अंगठा तुटलेला असतो.

तुमच्यापैकी बरेच जण लिहितात, काही जण वर्षानुवर्षं शिकवतायत. कुठल्या वयाचं मूल कशाला हसतं? बोली किती वापरावी? आणि कुणाला न दुखावता हसवायचं कसं? मोकळेपणानं सांगा. मला हे खरंच शिकायचं आहे.

बांधीतला मास्तर

ताई, त्या पोराला माझा आशीर्वाद सांगा. मी भंडारा जिल्ह्यात, साकोलीकडे ३४ वर्षं शिकवलं, त्यातली बरीच पहिली-दुसरीला. जे पाहिलं ते सांगतो.

पहिली-दुसरीतलं मूल हसतं ते वस्तू चुकीच्या जागी गेली की. पण त्याला आधी बरोबर जागा माहीत पाहिजे. बैलाच्या पायात चप्पल घाला, तो हसेल, कारण बैलाला नाल ठोकताना त्यानं पाहिलेलं आहे. तुमचा फ्रीज तिथंच फसला. ज्या घरात फ्रीज नाही, त्या पोराला फ्रीजमध्ये काय ठेवायचं हेच नक्की नाही, मग त्यात काय ठेवायचं नसतं हे कुठून कळणार? रांजण म्हणा, उतरंड म्हणा, पाहा.

याच वयाला आवाज लागतात आणि पुन्हा पुन्हा तेच लागतं. मात्र मोजून. माझी एक गोष्ट होती, कुडाच्या भिंतीला भोक पडलेलं आणि शेजारची शेळी त्यातून डोकं घालून म्हातारीच्या सुपातले तांदूळ खाते. पहिल्यांदा मुलं ऐकतात. दुसऱ्यांदा वाटच पाहत असतात. तिसऱ्यांदाही शेळीच आली तर पडतं. तिसऱ्या वेळी भोकातून आबाजीचं डोकं आलं पाहिजे.

सहा-सात वर्षं झाली की एका शब्दाचे दोन अर्थ मूल एकदम धरू लागतं. त्याआधी शाब्दिक कोटी करू नका, पोर तुमच्या तोंडाकडे पाहत राहतं. आणि कोट्यांसाठी आपल्यासारखा मुलूख नाही. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याकडचा पाहुणा जेवायला बसला, काकूनं विचारलं, "भाजीवर सांबार टाकू का?" पाहुणा घाबरून ताट मागं ओढतो, "नको, नको, इडली आल्यावर टाका." तिसरीचा वर्ग यावर लोळतो.

चौथीच्या पुढं मुलांना मोठ्या माणसांचं बोलणं आणि वागणं यातला फरक दिसू लागतो. वेळेवर या म्हणून सांगायला आलेले साहेब दुपारी २ वाजता पोचले, एवढं त्यांना पुरतं.

अकोल्याची लेक

मास्तरकाका, सांबाराची गोष्ट वाचून खूप बरं वाटलं, आणि का बरं वाटलं ते सांगते. त्यात बावळट ठरला तो पाहुणा. ज्या पोरांना ती गोष्ट सांगितली त्यांना पाहुण्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी बारावीनंतर पुण्याला शिकायला आले. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात "मी जेवण करून राहिली" म्हणाले आणि खोलीतल्या मुली हसल्या. मग तो खेळच झाला. कुणी नवीन आलं की मला बोलायला लावायचं. त्या मुली दुष्ट नव्हत्या, पुढं माझ्या मैत्रिणीही झाल्या. पण मी दोन वर्षं तोलूनमापून बोलत होते, आणि आईचा फोन आला की बाहेर जाऊन बोलायचे.

आता माझा मुलगा ८ वर्षांचा आहे. वऱ्हाडीत बोललेले विनोदी व्हिडिओ पाहतो आणि हसतो. परवा मी विचारलं, "यात हसायचं काय आहे?" तो म्हणाला, "तो कसा बोलतो बघ ना." गोष्ट काय होती ते त्याला सांगता आलं नाही. त्याच्या आजीची भाषाच त्याला विनोद वाटते. मला फार लागलं ते.

म्हणून ताई, हात जोडून विनंती. बोली भरपूर लिहा, पण बोली हाच विनोद होऊ देऊ नका. प्रमाण मराठी बोलणारा शहाणा आणि वऱ्हाडी बोलणारा येडा, अशी मांडणी चुकूनही नको. गोष्टीतली सगळ्यात हुशार मुलगीही "मले", "तुले" म्हणू दे.

धुऱ्यावरची

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझ्या गणूच्या गोष्टीत मी काय केलं होतं माहीत आहे? निवेदन प्रमाण भाषेत, मुलांचे संवाद प्रमाण भाषेत, फक्त विसराळू गणू तेवढा "काऊन" म्हणत होता. मी ते मुद्दाम केलं नव्हतं. हातून आपोआप गेलं, आणि तेच जास्त वाईट वाटलं. आता निवेदन साधं ठेवते आणि बोलणारी सगळीच पात्रं आपली भाषा बोलतील. गोष्टीतली मॅडमसुद्धा.

बांधीतला मास्तर

अकोल्याच्या ताईंना एक गोष्ट सांगतो, बोलीवरचीच, पण कुणाला खाली न पाडणारी.

तीन मामे-आतेभावंडं लग्नाला एकत्र आली. एक पुण्याचा, एक अकोटचा, एक आमच्या लाखनीकडची. आजीनं मधोमध एकच केळ ठेवलं आणि म्हणाली, जो बरोबर नाव सांगेल त्याचं. पुण्याचा म्हणाला, केळं. अकोटचा म्हणाला, हट, केयं. लाखनीची म्हणाली, दोघंही चुकले, केरा हाय तो. वऱ्हाडात ळ चा य होतो आणि आमच्या झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भात, र होतो, हे तुम्हाला माहीतच आहे. डोळा, डोया, डोरा. मग भांडण रंगत जातं. काळं केळं, कायं केयं, कारा केरा. आवाज चढतो, तिघंही उभे राहतात. छपराच्या कवेलूंवरून वानर उतरतं, केळ सोलतं, खातं आणि साल जागेवर ठेवून जातं. आजी येऊन विचारते, "मंग, का ठरला?"

मी हे वाचताना मुलांचे तीन गट करायचो. एक गट केळं, एक केयं, एक केरा. वानराचं काम कायम सगळ्यात लाजऱ्या मुलाला द्यायचो, कारण त्याला एकही शब्द बोलायचा नसतो आणि सगळ्यात मोठं हसू त्यालाच मिळतं.

पडद्यामागचा

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडचा. दिवाळीनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की झाडीपट्टीत रात्र रात्र नाटकं चालतात. मी १२ हंगाम पडदे ओढले, दिवे सांभाळले, त्यामुळं विनोदी नटांना फार जवळून पाहिलं आहे. लिहिण्यातलं मला कळत नाही, हसण्यातलं थोडं कळतं.

लहान मुलं सगळ्यात पुढं, तट्ट्यावर बसतात. निम्मी पहिल्या अंकातच झोपतात. विनोदी नट आला की जागी होतात, झोपेतून उठून हसतात. ती कशाला हसतात? चोर धान्याच्या कोठीमागं लपलेला मुलांना दिसतो, घरमालकाला दिसत नाही. मालक म्हणतो, "माझ्या घरात चोर शिरूच शकत नाही." तेव्हा पोरं ओरडतात, "मांगं पाय! मांगं!" मालक मागं वळतो, तोवर चोर दुसऱ्या बाजूला. हे पाच वेळा केलं तरी चालतं.

ताई, तुमच्या गोष्टीत चप्पल कुठं आहे हे मुलांना कधी कळलं? आबाजीच्या आधी कळलं पाहिजे. मुलांना आधी दाखवून टाका, मग आबाजीला सगळं घर धुंडाळू द्या. लपवून ठेवून शेवटी दाखवलं तर मुलं "अस्सं होय" म्हणतात. आधी दाखवून मोठ्यांना शोधायला लावलं तर हसतात.

दुसरं म्हणजे थांबणं. आमचे एक जुने नट वाक्याआधी इतके थांबायचे की मला वाटायचं, संवाद विसरले. लोक त्या शांततेतच हसायला लागायचे, वाक्य नंतर यायचं. कागदावर थांबता येत नाही म्हणू नका. परिच्छेद तोडा. पुस्तक असेल तर पान उलटायला लावा. रांजणाखाली हात घातला, इथं पान संपलं पाहिजे.

टिपऱ्या

पडद्यामागचे दादा म्हणतात ते खरं, पण लपवण्यातही मजा आहे, फक्त आवाज ऐकवावा लागतो. आमच्या भुलाबाईत, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या खेळात, रोज एकीच्या घरी गाणी झाली की खाऊ ओळखायचा असतो. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर. डबा हलवून दाखवतात. खळखळ वाजला तर फुटाणे नाहीतर फल्लीदाणे, दबका वाजला तर लाडू, वाजलाच नाही तर शिरा. आमच्या आईनं एकदा डब्यात फल्लीदाणे घालून वरून रुमाल कोंबला. डबा वाजेना. सगळ्या पोरी ओल्या खाऊची नावं घेऊन दमल्या, शिरा, खीर, सांज्या, काकडीची कोशिंबीर सुद्धा. रुमाल निघाला तेव्हा जे हसलो! चाळीस वर्षं झाली, अजून आमच्या मैत्रिणींत कुणी काही लपवलं की "रुमाल काढ" म्हणतो.

तेव्हा लपवा, पण मुलांच्या हाती डबा द्या, हलवून बघायला.

रामफळ

सगळं वाचलं, चांगलं चाललं आहे. पण एक बाप म्हणून विचारतो, रागावू नका. आमची मुलं आधीच मोबाइलवर दिवसभर हसत असतात. शाळेतही हसणंच का? आठवड्यातला एक तास मिळतो, त्यात चार चांगले संस्कार द्यावे, वाचायला शिकवावं. माझा मुलगा चौथीत आहे आणि त्याला अजून धड वाचता येत नाही. मला त्याची काळजी वाटते.

धुऱ्यावरची

रामफळदादा, रागावण्यासारखं काहीच नाही, ही काळजी माझीही आहे. म्हणून वर्गात काय झालं तेवढंच सांगते.

चपलेचं ते वाक्य बोलणारा मुलगा तिसरीत असूनही जोडाक्षरं टाळतो. वाचायला उभा केला की पोट दुखतं त्याचं. त्या शनिवारनंतर मी मुलांची सगळी वाक्यं मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावली, ज्याचं वाक्य त्याचं नाव खाली. सोमवारी मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट हातात घेऊन तो भिंतीपाशी उभा होता आणि बोट ठेवून "च... प्प... ल" लावत होता. स्वतःचं वाक्य. "थंडी" ला अडला, पुढं गेला, परत मागं आला. मग घरी जाऊन आईला घेऊन आला, तिला वाचून दाखवायला. आई दुपारी निंदायला जाते, ती सकाळी येऊन ऐकून गेली.

मोबाइलवर तो हसतो तेव्हा तो कुणाचं तरी हसू घेतो. इथं त्याच्या वाक्यावर ३१ जण हसले. मला यात फार मोठा फरक दिसतो. तुमच्या मुलालाही एखादी गोष्ट अर्धी लिहून द्या आणि पुढं काय होईल विचारा. तो सांगेल ते तुम्ही लिहून घ्या, मग त्यालाच वाचायला द्या.

कवेलू

मध्येच विचारतो. लांबी किती ठेवायची? आणि लिहून झालेल्या गोष्टी पाठवायच्या कुठं?

बांधीतला मास्तर

मोठ्यानं वाचून सात-आठ मिनिटांत संपावी, पहिली-दुसरीसाठी त्याच्या निम्मी. पाठवायला आपलं "किशोर" मासिक आहेच, १९७१ पासून बालभारती काढते. आधी जुने अंक वाचा, संगणकावर मोफत ठेवलेले आहेत. पण पाठवायची घाई करू नका. दहा वेळा मुलांसमोर वाचा, जिथं चुळबुळ होते तिथं रेघ मारा.

पऱ्हाटी

बरेच दिवस नुसती वाचतेय. आज लिहिते. मीही यवतमाळ जिल्ह्यातली, आठवडाभर गावोगावच्या शाळांत गोष्टी सांगायला जाते.

धुऱ्यावरच्या ताईंनी पहिल्या पोस्टमध्ये विचारलं होतं की न दुखावता हसवायचं कसं, त्यावर अजून नीट बोलणं झालं नाही. जाड्या, काळ्या, तोतऱ्या, भित्र्या यांच्यावर विनोद नको, हे सगळ्यांना पटतं. पण आपल्या भागात आणखी एक आहे. ज्या वर्गात तुम्ही वाचता, त्या वर्गात एखादं मूल असं असतं ज्याच्या बापानं कर्जापायी जीव दिलेला असतो. कधी दोन मुलंही असतात. गावाला माहीत असतं, वर्गाला माहीत असतं, कुणी बोलत नाही. तिथं सावकार, बँकेची नोटीस, दोर, विषाचा डबा, यातलं काहीही गमतीनं आलं तर त्या मुलाचं काय होतं? जुन्या विनोदी गोष्टींत घेणेकऱ्याला चुकवणारा, सावकाराला पाहून पेटाऱ्यात लपणारा शेतकरी किती वेळा येतो! मी एकदा तशी गोष्ट सांगणार होते. ऐन वेळी बाईंनी खुणेनं थांबवलं. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

धुऱ्यावरची

मला कुणी थांबवलं नव्हतं. मी ती गोष्ट वाचली.

दोन वर्षांपूर्वी. वसुलीला माणूस येतो आणि घरातले सगळे सांगतात, बाबा घरी नाहीत. शेवटी धाकटा मुलगा म्हणतो, "बाबानंच सांगतलं, बाबा घरी नाही म्हना." सगळे हसले. चौथीतली एक मुलगी हसली नाही. तिनं पाटीवरून मान वर केली नाही, आणि त्यानंतर जवळजवळ महिनाभर गोष्टीच्या तासाला ती बाहेर पाणी प्यायला जायची. मला माहीत होतं तिच्या घरचं. तरी लिहिताना मला आठवलं नाही. वाक्य सुचल्याच्या आनंदात होते मी. तिच्या आईकडे जाऊन बोलले, तिच्याशीही बोलले. ती म्हणाली, "काही नाही मॅडम." पाचवीला ती दुसऱ्या शाळेत गेली. तिची धाकटी बहीण माझ्या वर्गात आहे.

तेव्हापासून लिहून झालं की एक काम करते. पटावरची सगळी नावं एकेक करून वाचते आणि प्रत्येक नावापाशी थांबून विचारते, हे मूल ही गोष्ट ऐकताना कुठं बसलेलं असेल. यामुळं कितीतरी वाक्यं गेली. वाईट वाटत नाही.

पऱ्हाटी

ताई, पटावरची नावं वाचायची पद्धत मी आजपासून घेतली.

मला यात गाडगेबाबांची आठवण होते. बाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, १८७६ चा जन्म, १९५६ साली गेले. माझ्या आजोबांनी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. बाबा प्रश्न विचारायचे आणि लोक उत्तरं द्यायचे, सगळं साध्या गावच्या बोलीत. देवापुढं बकरं कापण्यावर, कर्ज काढून लग्नाच्या पंगती उठवण्यावर ते विचारत जायचे, विचारत जायचे, आणि लोक स्वतःच्याच उत्तरावर हसायचे. आजोबा म्हणायचे, घरी येताना मात्र कुणालाच आपला अपमान झाला असं वाटायचं नाही. कर्जाचं नाव तिथंही यायचं. पण हसू यायचं ते पंगतीच्या हौसेवर. कर्जात बुडालेल्या माणसासाठी बाबांच्या डोळ्यात पाणीच असायचं.

पोळ्याच्या झडत्याही, म्हणजे त्या दिवशी म्हणायच्या टोमण्यांच्या ओळीही, अशाच. तोरणाखाली बैल उभे असतात आणि एकेक जण झडती म्हणतो. टोमणा असतो तो पावसाला, पुढाऱ्याला, भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याला, नाहीतर समोरच्या तोडीस तोड गड्याला. ज्याची जोडी यंदा विकली गेली आणि जो हात रिकामे घेऊन कडेला उभा आहे, त्याच्यावर मी तरी कुणी झडती म्हटलेली ऐकली नाही. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघतात तेव्हा त्याच झडत्या मोडून-तोडून म्हणतात, आणि नवीन जोडतात. मुलांच्या त्या नव्या झडत्या मी वहीत उतरवून घेते. लिहिणाऱ्यांनी त्या दिवशी गावात असावं.

धुऱ्यावरची

मंडळी, सुट्टी लागायच्या आधी नवीन गोष्ट वाचून झाली. तुम्हा सगळ्यांचं काही ना काही तिच्यात आहे, म्हणून इथं पूर्ण देते.

*थंडी चप्पल*

मे महिन्यातली दुपार. आबाजी बाहेरून आले ते उड्या मारतच.

"आबाजी, नाचून रायले का?" गणूनं विचारलं.

"नाचत नाही बे, चप्पल तापली. पाय भाजून रायले."

आबाजी खाटेवर आडवे झाले आणि घोरू लागले. गणूनं विचार केला. पाणी तापलं की आजी काय करते? रांजणात भरते. रांजणातलं पाणी थंड. रांजणाखालची रेती थंड. गणूनं दोन्ही चपला उचलल्या आणि रांजणाखालच्या ओल्या रेतीत खुपसल्या. वरून रेती सारखी केली.

आबाजी उठले. चप्पल नाही.

"कुत्र्यानं नेली," आजी म्हणाली. सगळे कुत्र्याच्या मागं धावले. कुत्रं घाबरून कडब्याच्या गंजीत शिरलं.

"वानरानं नेली," काका म्हणाले. सगळे कवेलूंवर पाहू लागले. वानरानं त्यांच्याकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"चोरानं नेली," शेजारचे भाऊ म्हणाले. "पन एवढी जुनी चप्पल चोर कायले नेईन?" आजी म्हणाली. आबाजीला राग आला. "जुनी कायची? अंगठा तीन खेपाच त बदलला."

गणू गेला, रांजणाखाली हात घातला.

आणि चपला काढल्या. आबाजीनं एक पाय घातला. डोळे मिटले. दुसरा पाय घातला. "वा रे पोट्ट्या," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आजी पाण्याला गेली. रांजणाखाली चप्पल होतीच, शेजारी आबाजीची टोपी होती.

तिसऱ्या दिवशी आजी पाण्याला गेली. रांजणाखाली चप्पल होती. टोपी होती.

आणि रांजणाला पाठ लावून, दोन्ही पाय रेतीत खुपसून, आबाजी बसले होते.

आजी तांब्या घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "सरका थोडं तिकडे."

गोष्ट संपली. आता कोण कुठं हसलं ते सांगते. पहिलीतली मुलं कुत्रं गंजीत शिरलं तिथं. "रांजणाखाली हात घातला" इथं मी पडद्यामागच्या दादांनी सांगितलं तशी थांबले, तर आठ-दहा जण "चप्पल! चप्पल!" ओरडले. टोपीला दुसरी-तिसरीची. चौथीतली मुलं "अंगठा तीन खेपा बदलला" याला हसली, आणि दोघांनी खाली आपापल्या अंगठ्याकडे पाहिलं. "सरका थोडं तिकडे" ला सगळे. मास्तर, तुमची तिसरी खेप.

त्या तिसरीतल्या मुलाला मी आधीच सांगितलं होतं की ही त्याच्या वाक्याची गोष्ट आहे. तो पूर्ण वेळ हसला नाही. बाकीच्यांकडे पाहत होता, कोण हसतं ते. संपल्यावर त्यानं विचारलं, "मंग आजीच्या पायाचं काय?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढची गोष्ट आजीची लिहिते.

गोष्ट भिंतीवर लावली आहे. काल शाळा बंद करताना पाहिलं, तर शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं आहे, "मंग कुत्र बी आलं आन मदात बसलं." अनुस्वार राहिला आहे. अक्षर त्या धाकट्या बहिणीचं आहे.

बांधीतला मास्तर

ताई, परवानगी असेल तर ही गोष्ट मी झाडी बोलीत करून घेतो, नातवंडं सुट्टीला आली आहेत. कुत्र्याची ओळ धरूनच वाचीन. शाळा उघडायला अजून जूनची अखेर आहे, तोवर आजीची गोष्ट इथं टाका. आमच्याकडे दुपारी ४६ च्या पुढं गेलं आहे, ऐकायला सगळे घरातच आहेत.